नावाआधीची जागा

मनोरी
३ फेब्रुवारी २०२५

दादा,

नमस्कार. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. माझं अक्षर बघून तुला नवल वाटलं असेल, कारण तू पोस्टातून रिटायर झाल्यापासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. फोनच केला असता, पण ही गोष्ट फोनवर बोलायची नाही. माझा मोबाईल कल्पिताने आणून दिला, त्यात काय काय घातलं ते तिलाच ठाऊक. मी इकडे बोलावं आणि तिकडे तिच्या लॅपटॉपवर उमटावं, असं नको. म्हणून कागद. तूही फोन करू नकोस.

मालाडला आमचा मासळी बाजार पाडून नवा बांधणार आहेत, हे तुला ठाऊक आहे. आमच्या बायकांच्या संस्थेने जुन्या ओटेवाल्यांची यादी केली. यादीत नाव असेल तिला नव्या इमारतीत ओटा. नाव नसेल तिने पंधरा मार्चच्या आत हरकत घ्यायची, नाहीतर रस्त्यावर टोपली घेऊन बसायचं. गेल्या सोमवारी यादी लागली. चार कागद, दोनशे बारा नावं, बाराखडीप्रमाणे. मी म पाहिला. मंगला आहे, मंदा आहे, माया दोन आहेत. मंजुळा हरेश्वर तांडेल नाही. मोबाईलवरही नाव शोधायची सोय आहे. त्यात म, मग अनुस्वार, मग ज, असं टाकत गेलं की खाली नावं येतात. माझं टाकलं तर 'नोंद आढळली नाही'.

यादी संगणकात भरली कुणी? कल्पिताने. कल्पिता कुणाची? चंपाची, माझ्या धाकट्या जावेची. आणि चंपाचं नाव, कोपऱ्यातल्या अर्ध्या ओट्यापुरतं का होईना, च मध्ये ठसठशीत आहे. सासूबाईंनी ओटा मला दिला, चंपाला नाही, हे ती पंचवीस वर्षं गिळून बसली आहे. माझा ओटा मोकळा झाला तर घरातल्याच दुसऱ्या बाईला मिळतो, असा संस्थेचा नियम आहे. आता तूच दोन आणि दोन चार कर.

तू घाटकोपरला म्हाताऱ्यांच्या संगणक वर्गाला जातोस म्हणून विचारते. संगणकातून नाव नाहीसं कसं करतात?

आणखी एक. पाकिटावर माझ्या नावाआधी गं. भा. लिहू नकोस. पोस्टमन जेट्टीवरच नाव पुकारतो, सगळा धक्का ऐकतो.

तुझी
मंजुळा


घाटकोपर
८ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुळेस रामनाथदादाचा आशीर्वाद, आणि आशीर्वादाआधी एक प्रश्न. तुझ्या पाकिटाच्या उजव्या कोपऱ्याला सुरकुती होती. ती तुझ्याकडची की वाटेतली? तेहतीस वर्षं टपाल वर्गवारी केलेल्या माणसाला वाफेवर उघडलेलं पाकीट लांबून कळतं. यापुढे मी, आईच्या पत्रांना करायचो तसंच, पाकिटाच्या तोंडाला गोंद लावताना आत निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटवीन, एक टोक बाहेर ठेवून. दोरा तुटलेला दिसला तर समजायचं की कुणी वाचलंय.

तू मला योग्य वेळी विचारलंस. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरतो. शिकवणारी प्रांजल नावाची मुलगी आहे, वय सव्वीस, आणि आम्ही अकरा म्हातारे. बाकीच्यांना फोटो पाठवायला शिकायचंय. मी पहिल्याच दिवशी सांगितलं की आत काय आहे ते दाखवल्याशिवाय मी या यंत्राला हात लावणार नाही. तिने खरोखरच एक जुना डबा आणून स्क्रू काढले.

आत काय निघालं सांगू? आमचं सॉर्टिंग ऑफिस. एक चौकोनी चिप आहे, तो सॉर्टर. एका वेळी एकच काम करतो, पण भलता झपाट्याने. त्याच्या शेजारी स्मृती, म्हणजे आमची खान्यांची मांडणी. प्रत्येक खान्याला नंबर. सॉर्टरला खान्यात काय आहे याच्याशी देणंघेणं नाही, त्याला फक्त नंबर कळतो. आणि मागे एक गोदाम, वीज गेली तरी तिथला माल राहतो. स्मृतीतला माल मात्र वीज गेली की गेला.

आता नीट वाच. या खान्यांत अक्षरं नसतात. तिथे फक्त दिवा लागलेला किंवा विझलेला, एक किंवा शून्य. असे आठ दिवे मिळून एक डबा होतो, त्याला बाइट म्हणतात. प्रत्येक अक्षराला जगभर ठरवून दिलेला एक नंबर आहे. अ चा २३०९. म चा २३५०. तो नंबर दिव्यांनी लिहायचा. इंग्रजी अक्षराला एक डबा पुरतो, आपल्या म ला तीन लागतात. यात मला पक्षपाताचा वास येतो, प्रांजल म्हणते की तसं काही नाही.

म्हणजे यंत्राला तू मंजुळा म्हणून माहीतच नाहीस. तू एक आकड्यांची माळ आहेस. माळेतला एक मणी बदलला की ती तू नव्हेस. तेव्हा नाव नाहीसं करायला ते पुसावंही लागत नाही. आता तू शोध लाव की यादी भरताना कल्पिताच्या शेजारी कोण होतं, ती कधी भरली, आणि बाकी कुणाचं नाव गळलंय का.

गं. भा. बद्दल. बाबा गेल्यावर आईच्या प्रत्येक पाकिटावर मी वीस वर्षं तसंच लिहिलं. गंगा भागीरथी. तो मान आहे. मी लिहिणार.

तुझा
रामनाथदादा


मनोरी
१५ फेब्रुवारी २०२५

दादा,

सुरकुती माझीच. पाकीट टोपलीखाली ठेवलं होतं. वासावरून कळायला हवं होतं तुला. तुझा दोरा शाबूत आला. गं. भा. सुद्धा शाबूत आलं, पोस्टमनने पूर्ण धक्क्याला ऐकवलं.

तुझे दिवे मला ओट्यावर बसून कळले. तिसऱ्या फोडून मांस काढलं की शिंपा उरतात. आठ शिंपा ओळीत मांडल्या. पालथी म्हणजे शून्य, उताणी म्हणजे एक. एक, दोन, तीन करत सतरापर्यंत गेले, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि विचारू लागलं की मावशी, हे काय, करणी करताय का. मी म्हटलं, हो, ज्याने माझं नाव खाल्लं त्याच्यावर. पापलेट न घेताच गेला.

आता तू विचारलेलं. मंगलाने सांगितलं की अगं, तू म मध्ये का बघतेस, विधवा सगळ्या ग मध्ये आहेत. मला आधी कळेना. मग संस्थेत गेले आणि फलकावरचा दुसरा कागद बघितला. खरंच. गं. भा. अनसूया, गं. भा. कमल, गं. भा. जनाबाई, अशा तेवीस जणी एकाखाली एक. ज्यांचे नवरे आहेत त्या आपापल्या अक्षरात सुटसुटीत, आणि आम्ही ग च्या कोपऱ्यात. पण त्या कोपऱ्यातही मी नाही. मी चारदा बोट फिरवून बघितलं. दादा, सगळ्या विधवा आहेत, मीच तेवढी नाही. चूक असती तर आणखी एखादी गळली असती ना? ही नेम धरून केलेली गोष्ट आहे.

विचारल्यावर नंदकुमार, आमच्या संस्थेचे सचिव, म्हणाले की यादी जुन्या नोंदवहीवरून जशीच्या तशी भरली, शेवटच्या दिवशी कल्पिता एकटी बसली होती संध्याकाळपर्यंत. एकटी. हे मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

पुढचं ऐक. हे गेल्यानंतर चंपाच्या घरून मला पाणीही आलेलं नाही. त्यांच्या तेराव्याच्या आतच तिने विचारलं होतं, आता ओट्यावर कोण बसणार, म्हणून मी तिचा उंबरा सोडला. आणि या मंगळवारी तिने वाटीभर जवळ्याची चटणी पाठवली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी खाल्ली नाही. मांजरीने खाल्ली, ती ठणठणीत आहे, पण म्हणून काही सिद्ध होत नाही.

चटणी घेऊन कल्पिताच आली होती. दारात उभी राहून हळूच म्हणाली, "मोठी आई, यादीत नाव बघितलंस ना? झकास ना?" आणि हसली. मी दार लावून घेतलं. रात्रभर ते हसणं माझ्या डोळ्यापुढे होतं. लहानपणी हिला मी टोपलीत बसवून खाडीपार तरीतून मालाडला नेलेली आहे.

मंजुळा


घाटकोपर
२१ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुळेस,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. 'झकास ना' या दोन शब्दांखाली मी लाल रेघ मारून ठेवली आहे. पोस्टात आमचा एक जुना अधिकारी सांगायचा की चोराला पकडायचं तर त्याला बोलू द्यावं, तो स्वतःच पावती फाडतो. पोरगी पावती फाडून गेली.

प्रांजलला मी कुणाचं नाव न घेता विचारलं. ती म्हणाली की संगणकात पुसलं म्हणजे नष्ट झालं असं नसतं. पुष्कळदा यंत्र फक्त त्या खान्यावरची चिठ्ठी काढतं आणि खाना मोकळा आहे असं लिहून ठेवतं, आतला माल दुसरं काही येईपर्यंत तसाच पडून असतो. म्हणजे तपासणाऱ्याने तपासलं तर सापडेल. पण लॅपटॉप त्यांच्या ताब्यात असेल तोवर दुसरं काही येऊन बसायला वेळ लागणार नाही. मी तिला विचारलं की मग काय करावं. ती म्हणाली, "काका, आधी माणसाला विचारावं." या वयात माणसांवर विश्वास असतो.

तू मात्र विचारू नकोस. विचारलंस की सावध होतील. चंपाकडचं काही खाऊ नकोस, मांजरीलाही घालू नकोस. मोबाईल डब्यात घालून झाकण लाव. आणि रडत बसू नकोस. आपल्या आईने उन्हात बसून पाटीतली मासळी विकली, तुला ओटा मिळाला तेव्हा ती तीन दिवस गावभर सांगत होती. तो ओटा मी असा जाऊ देणार नाही. माझे गुडघे मला तरीत चढू देत नाहीत, पण हात अजून चालतो. जे करायचं ते मी इथून करतो. तुला माहीत नसलेलंच बरं.

तुझा
रामनाथदादा


मनोरी
४ मार्च २०२५

दादा,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले तरी लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळेना.

संस्थेत निनावी अर्ज आला. नंदकुमारांनी तो सभेत मोठ्याने वाचला. यादी भरणाऱ्या मुलीने घरच्यांच्या फायद्यासाठी एका विधवेचं नाव बुद्ध्या गाळलं, लॅपटॉप तात्काळ जप्त करून तपासणी करावी, असं चांगल्या छापील मराठीत होतं. सभेत दीडशे बाया. सगळ्या आधी माझ्याकडे वळल्या, मग कल्पिताकडे. ती उभी राहिली, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि खाली बसली. नंदकुमारांनी लॅपटॉप कपाटात बंद केला. चौकशी होईपर्यंत तिने संस्थेत पाऊल ठेवायचं नाही. तपासायला माणूस कधी येणार, कुणाला ठाऊक नाही.

मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. वाटलंही, घरी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी चंपा माझ्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता शिव्या घालेल, मीही तयारी केली होती. माझ्या पापलेट-हलव्यावर माश्या बसल्या होत्या, त्या तिने हाताने हाकलल्या आणि गेली. गप्प बसणारा माणूस दोषी असतो असं तू म्हणशील. मीही तसंच म्हणतेय स्वतःला. पण कल्पिता गुन्हेगार असती तर ती भांडली असती, दादा. ती चंपाची मुलगी आहे, खोटं बोलताना तिचा आवाज चढतो. त्या दिवशी तिचा आवाजच नव्हता.

नावाचा मात्र अजून पत्ता नाही. हरकतीचा अर्ज लिहून ठेवलाय. त्यात कारण लिहायची जागा आहे, तिथे काय लिहू ते कळत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. अर्जाचं पाकीट टेबलावर पडलं होतं, मी जवळून बघितलं. नाव नाही, गाव नाही. पाकिटाच्या तोंडातून निळ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं.

मंजुळा


घाटकोपर
८ मार्च २०२५

चि. मंजुळेस,

निळा दोरा घरोघरी असतो. ते नंतर बोलू. आधी हे वाच आणि वाचल्या वाचल्या संस्थेत जा.

काल वर्गात प्रांजलने आमची नावं आम्हालाच टाइप करायला लावली आणि एक बटण दाबून बाराखडीप्रमाणे लावून दाखवली. आमच्यात दत्ताराम म्हणून एक आहेत, मूळचे मालवणकडचे, गिरणीत होते. यादी लागली तर दत्ताराम सगळ्यात वर. अनंतच्याही वर. ते गडबडले, म्हणाले, "अरे, मी द चो माणूस, वर खंय चढलंय?" मी ताबडतोब म्हटलं की कुणीतरी यंत्रात हात घातलाय. प्रांजल हसली आणि दत्तारामांच्या नावाआधी बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं. तेच तर ती दाखवत होती. त्यांनी नाव लिहिण्याआधी चुकून कळफलकाच्या तळची लांब पट्टी दाबली होती. नावाआधी एक रिकामी जागा होती.

मंजुळे, रिकामी जागा हे सुद्धा अक्षर आहे. डोळ्याला दिसत नाही, पण यंत्राकडे तिला नंबर आहे. बत्तीस. तुझ्या शिंपांनी मांडून बघ. आठ शिंपा, डावीकडून तिसरी उताणी, बाकी सगळ्या पालथ्या. यंत्र बाराखडी जाणत नाही, ते नंबर लावतं. अ चा २३०९, रिकाम्या जागेचा ३२. मग रिकामी जागा अ च्याही आधी येणार. आणि शोधताना म पासून सुरुवात केली तर ते नाव सापडणारच नाही, कारण यंत्राच्या लेखी ते म पासून सुरू होतच नाही.

मला काल झोप लागली नाही. तू म बघितलास, ग बघितलास. पहिल्या कागदाची पहिली ओळ बघितलीस का? मोबाईलवर शोधताना आधी लांब पट्टी एकदा दाब, मग नाव लिही.

तुझं नाव तिथे असेल तर ते कुणी खाल्लं नव्हतं, हे मला मान्य करावं लागेल. पण जागा आपोआप होत नाही. दत्तारामांचं बोट चुकलं म्हणून झाली. तुझ्या नावाआधी कुणाचं बोट होतं, आणि का होतं, हे मला अजून कळायचं आहे. एकट्याने बसून, शेवटच्या संध्याकाळी. हा संशय मी सोडलेला नाही.

रामनाथदादा


मनोरी
१५ मार्च २०२५

दादा,

नाव आहे. अनुक्रमांक एक. मंजुळा हरेश्वर तांडेल. पहिल्या कागदाच्या डोक्यावर लोखंडी क्लिप होती, तिच्या खाली. दोनशे बारा बायांनी तो कागद बघितला, पण प्रत्येकीने आपलं अक्षर बघितलं. मी क्लिप वर केली आणि तिथेच फरशीवर बसले. ओटा गेलेला नाही. हरकतीचा अर्ज फाडून टाकला.

मग तू पुन्हा 'विचारू नकोस' लिहिशील त्याच्या आत मी चंपाच्या घरी गेले. तीन वर्षांनी. चंपा बोंबील साफ करत होती, तिने पाट पुढे सरकवला, एवढंच. कल्पिता आतल्या खोलीत होती. मी तिला सरळ विचारलं की माझ्या नावाआधी जागा का आहे.

तिला जागेचं ठाऊकच नव्हतं. मी तुझ्या पत्रातली बत्तीस नंबरची गोष्ट सांगितली तशी तिने कपाळावर हात मारून घेतला. मग हळूहळू सगळं बोलली. हे गेले त्या वर्षी संस्थेच्या वर्धापनदिनाला साड्या वाटल्या, तुला आठवत असेल, मी फोनवर रडले होते. लाउडस्पीकरवरून आधी सगळ्या सौभाग्यवती बोलावल्या, त्यांना हिरव्या साड्या. सगळ्यात शेवटी गं. भा. मंजुळा, गं. भा. जनाबाई, आणि आम्हाला राखाडी. मी उठून घरी आले आणि अंगणात ओरडले होते. काय ओरडले ते मी विसरले. कल्पिता तिथे होती, ती विसरली नाही.

या वेळी यादी भरताना समितीने तिला बजावलं होतं की नोंदवहीतलं काही बदलायचं नाही, गं. भा. नावाआधी तसंच ठेवायचं. तिने तेवीस जणींचं ठेवलं. शेवटच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर माझ्या नावाआधीचं मागून पुसत गेली. भा., मग गं. पण भा. नंतर एक जागा असते ना, ती मागे राहिली. ती तिला दिसली नाही. कुणालाच दिसत नाही. आणि कुणाला सांगायची सोय नव्हती, कळलं असतं तर समितीने ते पुन्हा बसवलं असतं. म्हणून सभेतही बोलली नाही. स्वतःवर आळ घेतला, पण माझं नाव तसंच राहू दिलं.

ती म्हणाली, "मोठी आई, तू त्या दिवशी बोललीस ना, मना माझे नावानं बोलवा. मी तेवढंच केलं."

झकास ना, म्हणून विचारायला आली होती, दादा. आणि मी दार लावलं.

तू बरोबर होतास. माझ्या नावाला कुणीतरी एकट्याने बसून, मुद्दाम हात लावला होता. तुझा संशय पैसाभरही चुकला नाही. फक्त हात कुणाचा आणि कशासाठी, एवढंच आपण दोघांनी मिळून चुकवलं. मी तिला पोटाशी धरलं आणि खूप रडले. चंपा म्हणाली की जाऊबाई, चटणी तरी खाल्लीस का. मी सांगितलं मांजरीने खाल्ली. ती इतकी हसली की बोंबील हातातून सुटला. ओट्यावर कोण बसणार, असं तिने तेव्हा का विचारलं, तेही सांगितलं. सुतकात कुणी ओटा बळकावू नये म्हणून ती स्वतः माझी उपडी टोपली तिथे ठेवून यायची, रोज पहाटे. बाजारात उपडी टोपली असली की ती जागा रिकामी म्हणून कुणी बसत नाही. रिकामी दिसते, पण कुणाची तरी असते. हे मला तुझ्या प्रांजलच्या आधीपासून माहीत होतं आणि तरी मी बघितलं नाही.

मी संस्थेत लिहून दिलं की गं. भा. माझ्या सांगण्यावरून काढलं, जागाही माझ्यामुळे राहिली. खोटं आहे, पण मला ते शोभतं. हे ऐकून ग मधल्या नऊ जणींनी आपलंही काढा म्हणून सह्या केल्या. जनाबाई म्हणाली, राहू दे माझं, त्यांचं तेवढंच उरलंय. तिचं राहील.

पण नंदकुमार अडून बसलेत. तुमचं समाधान झालं, पण निनावी अर्ज दप्तरात आहे, चौकशी लागलेली आहे, अर्ज करणाऱ्याने स्वतः येऊन मागे घेतल्याशिवाय मुलीला परत घेता येणार नाही. चार लोकांत तिच्यावर चोरीचा डाग आहे, दादा. तो माझ्या लिहिण्याने जात नाही. तिचं लग्न बोलायला माणसं येणार होती, ती थांबली आहेत.

परवा होळी झाली. चंपाने आणि मी मिळून नैवेद्य दिला. कल्पिता आली नाही, घरात बसून होती.

निळा दोरा घरोघरी असतो हे मला माहीत आहे. कुठल्या घरातून आला ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही. ते तू सांगायचंस. गुडघे दुखतात तर कागदावर सांग, पण खाली नाव घाल.

आणि पाकिटावर माझ्या नावाआधी काही लिहू नकोस. जागासुद्धा सोडू नकोस.

मंजुळा


घाटकोपर
१९ मार्च २०२५

मंजुळे,

सोबत संस्थेला पाठवलेल्या अर्जाची प्रत आहे. निनावी अर्ज माझा होता, आरोप खोटा होता, मुलीची माफी मागतो, आणि दीडशे बायांसमोर वाचला तसाच हाही दीडशे बायांसमोर वाचावा, असं लिहिलंय. मी स्वतः टाइप केला, प्रांजलने मदत केली नाही, मी करू दिली नाही. खाली पूर्ण नाव आहे, रामनाथ विठोबा कीणी, निवृत्त वर्गवारी कर्मचारी, आणि घरचा पत्ता.

तरी कागदाने भागणार नाही. माणसाला आधी विचारावं, असं प्रांजलने मला सांगितलं होतं आणि मी तिलाच कच्ची समजलो. रविवारी येतो. तरीत चढताना कुणीतरी हात द्या. कल्पितासमोर मला बसव, बाकी कुणी नको, चंपाही नको. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. तेहतीस वर्षं मी लोकांची पाकिटं पारखली, आणि घरच्या पोरीचं मन मात्र उलटं वाचलं.

तू आईबद्दल काही लिहिलं नाहीस, पण मला आठवलं. तिला माझी पत्रं आली की ती पाकीट आधी पालथं करून ठेवायची, मग उघडायची. मला वाटायचं, ती दोरा तपासते. वीस वर्षं मला तसंच वाटत होतं. गं. भा. पुढच्या बाजूला असायचं.

या पाकिटाला दोरा नाही, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. तुझं नाव कडेला अगदी टेकवून लिहिलंय, पोस्टमनला सांग की जोरात पुकार. पहिलं अक्षर म आहे.

दादा